चिकनच्या स्टोअरमधला पहिला महिना: मागच्या दाराने आत येणाऱ्यांसाठी

नोकरी लागली की पोरं आधी युनिफॉर्ममधला फोटो स्टेटसला टाकतात. टाका, हरकत नाही. पण त्याआधी बुटांचं बघा. संध्याकाळी सातनंतर किचनच्या फरशीवर तेल, मैदा आणि पाण्याचा असा काही लेप बसतो की साध्या स्पोर्ट्स शूजचा तळ तिच्यावर साबणासारखा सरकतो. मी पाहिलेल्या अपघातांत भाजण्यापेक्षा घसरून पडण्याचे जास्त होते. न घसरणाऱ्या तळाचे, वरून पूर्ण बंद, काळे बूट घ्या. जाळीचे तर नकोतच. गरम तेलाचा थेंब जाळीतून मोज्यात शिरतो, मोजा कातडीला चिकटतो आणि मग पुढचे पंधरा दिवस तुम्ही चपलेत.

पुण्यातल्या एका मॉलमध्ये, फ्राइड चिकनच्या एका साखळीत मी साडेचार वर्षं काढली. पार्ट-टाइम लागलो, शेवटची दीड वर्षं शिफ्ट सांभाळली आणि येणाऱ्या नव्यांना किचन शिकवलं. दिवसभर अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणारे, घरून पैसे येईनात म्हणून संध्याकाळी पाच ते एक शिफ्ट घेणारे, असेच बहुतेक. घरी आईच्या हाताखाली कांदा चिरलेला असला तरी इथे त्याचा फार उपयोग होत नाही. मसाल्याची पाकिटं तयार येतात, चवीत तुम्हाला कोणी विचारत नाही. इथे घड्याळ आणि थर्मामीटर वाचता आले पाहिजेत, बाकी सगळं त्या दोघांच्या मागे येतं.

१. कागद, नखं, अंगठी

आधार, पॅन, बँकेचं पासबुक हे सगळीकडे लागतंच. अन्न हाताळणाऱ्याला वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते आणि टायफॉइडसारख्या रोगांविरुद्धची लस लागते. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, नियमांतच ते आहे. तपासणीचा खर्च स्टोअर करणार की तुमच्या पगारातून कापणार, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका. सह्या झाल्यावर विचारलेल्या प्रश्नांना फार सावकाश उत्तरं मिळतात.

दर २५ कर्मचाऱ्यांमागे एक तरी अन्नसुरक्षा प्रशिक्षण घेतलेला माणूस असावा, असंही एफएसएसएआयचं म्हणणं आहे. त्या प्रशिक्षणाला फॉस्टॅक म्हणतात. स्टोअर कोणाला पाठवणार असेल तर हात वर करा. एका दिवसाचं काम असतं आणि प्रमाणपत्र पुढच्या नोकरीत चालतं.

नखं बोटाबरोबर कापलेली. अंगठी, कडं, मनगटावरचा लाल दोरा बाहेर. दोऱ्यावरून दरवेळी वाद होतो. देवाचा आहे, काढणार नाही म्हणतात. बरोबर आहे, पण तो दोरा दिवसभर कच्च्या कोंबडीच्या पाण्यात भिजणार आहे. माझ्याकडच्या एका मुलाने तो मनगटावरून काढून दंडावर बांधला, बाहीच्या आत. देवाचीही सोय, ऑडिटरचीही.

२. पहिले चार दिवस मागचं सिंक

तुम्हाला वाटेल, फ्रायरवर कधी घेणार? आधी भांडी. तीन सिंक असतात: एकात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात सॅनिटायझर. भांडं याच क्रमाने जातं आणि शेवटी हवेवर वाळतं. फडक्याने पुसायचं नाही, कारण त्याच फडक्याने मघाशी कोणी काय पुसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

सिंकवर उभं राहिलं की सगळं किचन पाठीमागून दिसतं. कोण ओरडतो, कोण न बोलता काम उचलतो, कोणत्या वेळी ट्रे संपतात. हे चार दिवस डोळे उघडे ठेवा.

डेट टॅग याच दिवसांत शिका. उघडलेल्या प्रत्येक पाकिटावर, कापलेल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागते: कधी उघडलं, कधी संपवायचं. जुना माल पुढे, नवा मागे. टॅग विसरला तर माल चांगला असूनही फेकावा लागतो. आणि मुदत संपलेल्या डब्यावर नवी चिठ्ठी चिकटवायला कोणी सांगितलं, अगदी सिनियरने सांगितलं, तरी ते तुमच्या हाताने करू नका. “सर, तुम्हीच लावता का?” एवढं नम्रपणे म्हटलं की बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

३. कच्चा माल

या धंद्यात लागणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांत तयार होते. साखळ्यांना एकाच वजनगटातली लागते, कारण तुकडे सारखे नसतील तर एकाच वेळेत सारखे शिजणार नाहीत. केएफसीने रूढ केलेली कापणी ९ तुकड्यांची: दोन लेग, दोन थाय, दोन विंग, दोन रिब आणि छातीच्या मधला एक कील. तुकडा उचलल्याबरोबर ओळखता यायला आठवडा लागतो. थाय आणि रिबमध्ये सगळेच फसतात.

गाडी आली की आधी तापमान, मग मोजणी. गोठवलेला माल उणे १८ अंशांच्या वर असता कामा नये, थंड माल ५ अंशांच्या आत. ५ ते ६० अंश हा जंतूंचा आवडता पट्टा. गाडीवाला घाई करतो, “भाऊ, अजून तीन पॉइंट बाकी आहेत” म्हणतो. त्याला चहा द्या, पण प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सुई, लावल्याशिवाय चलनावर सही देऊ नका.

आणि गाडीला कमी लेखू नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने वाहतूकदार बदलला, नव्याचं गणित कोलमडलं आणि तिथल्या सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून जास्त दुकानं चिकन नाही म्हणून बंद पडली. चिकनच्या दुकानात चिकन नाही! आमच्याकडे एकदा घाटात गाडी अडकली तेव्हा आम्ही चार तास फक्त फ्राइज आणि व्हेज बर्गर विकले. गिऱ्हाइकांचे चेहरे अजून आठवतात.

घरून आणलेली एक सवय मोडावी लागेल. आपल्याकडे चिकन आणलं की नळाखाली धुतात, हळद लावतात. इथे कच्चं चिकन नळाखाली धरायचं नाही. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर, हातभर, शेजारच्या लेट्युसवर उडतात. त्यांना मारायचं काम आच करते, नळ नाही.

गोठलेला माल चिलरमध्येच, हळूहळू सुटा होऊ द्यायचा. त्याला रात्र तरी जाते, कधी दीड दिवस. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काय विकलं जाणार, हे बुधवारी रात्री ठरवावं लागतं. या मुद्द्यावर पुढे येतो.

४. ब्रेडिंग

खरी कला इथे आहे, आणि बाहेरच्यांना ती दिसतही नाही.

काम वाटतं सोपं. मुरवलेला तुकडा पाण्यात बुडवायचा, झटकायचा, मसाल्याच्या मैद्यात घोळायचा, दाबायचा, परत झटकायचा. प्रत्येक पायरी किती वेळा, हे साखळीचं ठरलेलं असतं आणि ते तुम्ही मोजायचंच, तोंडाने मोजलंत तरी चालेल. एक मुलगी पहिल्याच रविवारी रडकुंडीला आली होती.

“दादा, माझं पीठ टिकतच नाहीये. तेलात गेलं की सालपटं निघतात.”

“झटकतेस किती वेळा?”

“झटकते ना. दोनदा.”

तिचा एक थाय उचलून मी कातडी वर केली. आत पाण्याचा ओघळ तसाच. थायला कातडीची एक घडी असते आणि पाणी तिच्यात लपून बसतं. वरून पीठ लागलेलं दिसतं, तेलात गेल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटतो. घडी बोटाने उघडायची, आत पीठ जाऊ द्यायचं, मग मिटायची. विंगचं टोक मागे दुमडायचं. दाबताना तळहाताने, बोटांनी नाही. बोटांचे खड्डे तळल्यावरही दिसतात. तिने त्या रात्री दीडशे तुकडे केले, शेवटचे चाळीस बघण्यासारखे होते.

जो खवल्या-खवल्यांचा कुरकुरीत थर गिऱ्हाइकाला आवडतो, तो या दाबण्याने येतो. ओलसर पिठाचे बारीक कण तुकड्याला चिकटतात आणि तळताना उभे राहतात. पण तेच कण पिठात साठून गोळे झाले की थर जाड आणि कच्चट होतो. म्हणून पीठ चाळत राहायचं. चाळण मारायचा कंटाळा करणारा ब्रेडर तुम्हाला ओळखू येईल, त्याच्या तुकड्यांना देवीचे व्रण असतात.

शेवटचं झटकणं मात्र कधीही चुकवू नका. सुटं पीठ तेलात जळतं, आणि जळलेलं पीठ पुढच्या प्रत्येक बॅचला कडू करतं.

५. फ्रायर

बोनलेस, स्ट्रिप्स, फ्राइज उघड्या फ्रायरमध्ये. हाडाचं चिकन अनेक साखळ्यांत प्रेशर फ्रायरमध्ये. ही कल्पना केएफसी सुरू करणाऱ्या हार्लंड सँडर्सची. अमेरिकेत, केंटकीतल्या कॉर्बिन गावात त्याचं हॉटेल होतं, कढईत तळायला अर्धा तास लागायचा, गिऱ्हाईक थांबेना. तेव्हा १९३९ च्या सुमारास त्याने नव्याने निघालेला प्रेशर कुकर चिकनसाठी वापरून पाहिला. दाबाखाली मांसातलं पाणी सहज उकळून निघून जात नाही, म्हणून आतून रसदार राहतं आणि वेळ निम्म्यावर येतो. आता हाडाच्या बॅचला साधारण १२ ते १५ मिनिटं लागतात.

घरच्या कुकरला शिट्टी असते, इथे काटा असतो. काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. झाकण जड वाटलं, अडकलं तर जोर करायचा नाही, शिफ्टवाल्याला बोलवायचं. १६०-१७० अंशांचं तेल दाबाखाली असतं, एवढं लक्षात असलं की पुरे.

बॅच निघाली की सगळ्यात जाड तुकड्यात प्रोब खुपसा, हाडाला न टेकवता. आत ७४ अंश लागले तर शिजलं. रंगावर जाऊ नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज गोठून सुटला की हाडाजवळ लालसर, कधी चक्क जांभळट दिसतं. गिऱ्हाईक तुकडा मोडून काउंटरवर आणतं, “कच्चं दिलंय”. तेव्हा त्याला शास्त्र सांगू नका. माफी मागा, तुकडा बदलून द्या, मग आत येऊन त्या बॅचची नोंद तपासा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. संशय मुख्यतः पाण्यावर होता, पण हा जंतू कच्च्या कोंबडीतही असतो, त्यामुळे चिकनची विक्री धाडकन पडली. त्या आठवड्यांत काउंटरवर रोज तोच प्रश्न. पूर्ण शिजवलं की तो मरतो, हे खरं उत्तर होतं. पण ते ठामपणे देता यायला त्या दिवसाचं तापमानाचं रजिस्टर खरंच भरलेलं असावं लागतं. शिफ्टच्या शेवटी एकाच पेनाने सगळे रकाने ‘७६, ७६, ७६’ असे भरणारे महाभाग प्रत्येक स्टोअरमध्ये असतात. तुम्ही होऊ नका.

६. तेल

तेलाचे शत्रू पाणी, मीठ, हवा, जळका चुरा आणि गरजेपेक्षा जास्त आच. रोज गाळायचं, ठरलेल्या पावडरीसकट. फेस बसत नसेल, लवकर धूर येत असेल, चिकट वास असेल तर तेल संपलंय. पण नाकावर भरवसा नको, मीटर लावा. तेलातले टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते. टाकाऊ तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे अधिकृत लोक असतात. स्टोअरच्या मागच्या दाराशी एखादा वडापाववाला किंवा त्याचा माणूस डबा घेऊन येईल, चार पैसे देईल. त्याला ते तेल देणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटात विष घालणं, आणि पकडलात तर नोकरी गेलीच.

भाजलं तर: वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. रश असला तरी २० मिनिटं. तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही. गॅस किंवा वीज बंद, झाकण, आणि किचनसाठीचं ‘के’ वर्गाचं अग्निशामक नळकांडं. ते कुठे टांगलंय हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

७. पंचांग

कुठल्याही ट्रेनिंगच्या व्हिडिओत हे नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तळलेला तुकडा गरम कपाटात ठरावीक वेळच ठेवता येतो. वेळ संपली की टायमर वाजतो आणि तो तुकडा कितीही छान दिसत असला तरी वेस्टच्या डब्यात. जास्त तळलं तर फेकावं लागतं, कमी तळलं तर काउंटरवर भांडण. मधली रेघ ओळखणारा कुक महिन्याभरात मॅनेजरचा लाडका होतो. ती रेघ महाराष्ट्रात भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते.

बुधवार, शुक्रवार, रविवार खाणाऱ्यांचे. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांचे. संकष्टी आणि एकादशी बघून ठेवा. शुक्रवारी संकष्टी आली तर शुक्रवारचा अंदाज लावू नका. मार्गशीर्षातले गुरुवार वेगळे, नवरात्र वेगळं. रमजानमध्ये कोंढवा-कॅम्पकडच्या स्टोअरला संध्याकाळी सातनंतर श्वास घ्यायला वेळ नसतो. रविवारी पाऊस आला तर हॉल रिकामा आणि स्विगी-झोमॅटोचा टॅब वेडा.

श्रावणाची गंमत तर अशी की तो दोनदा लागतो. उत्तरेकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू. आपला त्यानंतर पंधरा दिवसांनी, दिव्यांच्या अवसेनंतर. आयटीवाल्यांची वस्ती असलेल्या आमच्या भागात विक्री म्हणून दोन पायऱ्यांनी उतरायची. मधल्या पंधरवड्यात मराठी गिऱ्हाईक उलट जास्त यायचं, आता महिनाभर नाही म्हणून, आणि गटारीला तर दारात रांग. पुढे राखीपौर्णिमेला हिंदी भाषक परत येतात, आपले मात्र पिठोरी अमावास्येपर्यंत, आणि बरेचसे थेट गणपती विसर्जनापर्यंत फिरकत नाहीत. नागपूरहून बदली होऊन आलेल्या आमच्या एका मॅनेजरने गटारीचा अंदाज मागच्या रविवारवरून काढला. संध्याकाळी साडेसातला सुटं झालेलं हाडाचं चिकन संपलं. फ्रीजर भरलेला, पण सगळं दगड. आम्ही नुसते दाराशी उभं राहून हात जोडत होतो.

८. रश

रशमध्ये बोलायचं तर तीनच गोष्टी: “मागे आहे”, “गरम आहे”, “किती हवेत?” डोकं हलवून चालत नाही, तोंडाने उत्तर द्यायचं. व्हेजचा फ्रायर, चिमटे, ट्रे वेगळे असतात. घाईत चिकनचा चिमटा व्हेज पॅटीला लागला तर ती पॅटी फेका आणि सांगा. गप्प बसू नका. समोरचा माणूस विश्वासाने खातोय.

डिलिव्हरीच्या पोरांशी नीट वागा. उन्हातून आलेत, पाणी विचारा. त्यांचा उशीर बहुतेकदा तुमच्यामुळे झालेला असतो.

९. पगाराची पावती

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होते: तुमचे ०.७५ टक्के कापतात, मालकाने ३.२५ टक्के भरायचे. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के. पीएफ खात्याचा यूएएन नंबर मागून घ्या आणि दर दोन महिन्यांनी मोबाइलवर पासबुक बघा. कापलेले पैसे भरलेत का, हे दुसरं कोणी बघणार नाही. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट असतो.

आमच्या एका स्टोअरमध्ये रात्री बाराला पंच-आउट करायला लावून मग क्लोजिंगची साफसफाई करून घ्यायचे. तास कागदावर यायचेच नाहीत. मी वर्षभर काही बोललो नाही, कारण बाकी कोणी बोलत नव्हतं. मग एका बाईंनी, वयाने आमच्या आईसारख्या, वहीत रोजची खरी वेळ लिहायला सुरुवात केली आणि एरिया मॅनेजर आले तेव्हा ती वही पुढे ठेवली. पुढच्या महिन्यापासून पंच साफसफाईनंतर. तेव्हा एक छोटी वही ठेवा, आलो किती वाजता, गेलो किती वाजता.

१०. क्लोजिंग

फ्रायरचं तेल गाळून झाकलं, ब्रेडिंगचं टेबल धुतलं, पिठाचं उरलंसुरलं नियमाप्रमाणे ठेवलं किंवा टाकलं, वॉक-इनचं, म्हणजे माल ठेवायच्या थंड खोलीचं, तापमान लिहिलं, गॅस बंद. ड्रेनची जाळी शेवटी, कारण सगळ्यांना ती नको असते. नवा माणूस ती न सांगता करतो तेव्हा रोस्टर लावणाऱ्याच्या लक्षात राहतं. उरलेलं चिकन घरी न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी असते. वाईट वाटतं, पण बॅगेत दोन तुकडे टाकून नोकरी घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

निघताना शर्ट बदलाच, आणि जमलं तर पँटही. तो वास तुम्हाला आठवडाभरात जाणवेनासा होतो, पण रात्री एक वाजता गल्लीतल्या कुत्र्यांना जाणवतो. मला बुधवारी आणि रविवारी चौकापासून खोलीच्या दारापर्यंत चार कुत्री सोडायला यायची.